भात्यावरचा हात

देवळाच्या सभामंडपातून पहाटे ध्वनिवर्धकावर जी भजने ऐकू येतात, त्यांच्याविषयी अलीकडे एक तक्रार वारंवार कानी पडते. गायकाचा गळा चांगला असतो, चाल परंपरेतील असते, उच्चार शुद्ध असतात; आणि तरीही मागे वाजणारा व्हायोलिनांचा वृंद, बासरी, सनई ही सारी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच मापाची लागतात, जणू कोणी ठाणातून एकाच पन्ह्याचे कापड फाडून देत आहे. "संगणकाचे संगीत ते, त्यात जीव कुठून असणार?" असे म्हणून श्रोता मान हलवतो आणि प्रकरण निकालात निघते.

माझा व्यवसाय वकिलीचा. आरोप खरा असला तरी समोर उभा केलेला आरोपी खरा आहे की नाही, हे पाहण्याची सवय त्या व्यवसायाने मला लावली आहे. या प्रकरणात आरोप शंभर टक्के खरा आहे. आरोपी मात्र भलताच पकडला गेला आहे. ते व्हायोलिन संगणकाने एकसुरी केलेले नाही. ज्या माणसाच्या हाताशी त्याला बोलते करण्याचे साधन होते, आणि ज्याने ते साधन जोडण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्या माणसाने ते तसे ठेवलेले आहे. त्या साधनाचे नाव फेडर. त्याची जोडणी ही यंत्रकारागिराची किरकोळ बाब आहे, रसिकाने आणि देवस्थानाने तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असा जो समज रूढ झाला आहे, त्याच्याविरुद्ध हा लेख आहे.

फेडर म्हणजे वरखाली सरकणारी पट्टी. ध्वनिमुद्रणगृहातील मोठ्या मेजावर अशा पट्ट्यांची रांग असते, हे अनेकांनी चित्रातून तरी पाहिले असेल. आता ती रांग संगणकाच्या पडद्यावर रेखाटलेली असते आणि तीच 'मिडी'ची भाषा बोलते. मिडी ही वाद्यांनी आणि संगणकांनी परस्परांशी बोलण्याची संकेतपद्धती. ती १९८३ साली व्यवहारात आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोन वाद्यनिर्मात्यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता आणि त्याबद्दल २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. या पद्धतीत तारेतून नाद वाहत नाही. वाहतात ते केवळ आकडे. कोणता सूर, केव्हा, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला, हे सांगणारे काही आकडे. आणि सूर चालू असताना त्यात काय फेरफार करायचा, हे सांगणारे दुसरे काही. या दुसऱ्या प्रकारच्या आज्ञांना 'कंट्रोल चेंज' म्हणतात. त्यांना ० पासून १२७ पर्यंत क्रमांक आहेत आणि प्रत्येकीचे मूल्यही ० ते १२७ एवढ्याच मर्यादेत बदलते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण सारा वाद त्यावर उभा आहे. तबल्यावर थाप पडली की तिचा जोर त्याच क्षणी ठरून जातो. पुढे ती विरत जाते. म्हणून तबला, घुमट, झांज, सतार अशा वाद्यांच्या बाबतीत आरंभीच्या जोराचा आकडा पुष्कळसे काम भागवतो. परंतु बासरी, सनई, व्हायोलिन यांचा सूर आरंभानंतर जगतो. श्वास वाढतो, गजाचा दाब कमी होतो, सूर फुलतो आणि मिटतो. आरंभीच्या एका आकड्यात हे सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी सूर चालू असेपर्यंत आकड्यांचा अखंड प्रवाह लागतो आणि तो प्रवाह फेडर पुरवितो. फेडर जोडलाच नाही, तर बासरीवाल्याला एकदाच फुंकर घालून पुढे श्वास रोखून उभे राहा, असे सांगितल्यासारखे होईल.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये, कारण ती आपल्या प्रत्येक भजनीमंडळात रोज घडते. पेटी वाजविणाऱ्याचा उजवा हात सुरावर असतो आणि डावा हात भात्यावर. नवशिक्या उजव्या हाताकडे पाहतो. जाणकार डाव्या हाताकडे कान देतो. गायक हळू झाला की भाता मंद होतो, गजर चढला की तो भरून येतो. पेटी ज्या घराण्यातून आली, त्या पाश्चात्त्य हार्मोनियमचे एकस्व आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसला १८४२ साली घेतले. त्या पायाने चालविण्याच्या वाद्यात 'एक्स्प्रेशन' नावाचा एक खुंटा असतो. तो ओढला की हवा मधल्या साठ्याला वळसा घालून थेट पट्ट्यांवर जाते आणि वादकाच्या पायाचा प्रत्येक चढउतार सुरात उमटतो. मिडीच्या अकराव्या क्रमांकाच्या आज्ञेचे नावही हेच, 'एक्स्प्रेशन'. आपल्या भात्याचा आणि पडद्यावरच्या पट्टीचा संबंध मी ओढूनताणून लावीत नाही. तो नावातच आहे.

आता प्रश्न असा की, हा डावा हात कोणाचा असावा? वादकाचा, की कारखानदाराचा?

संगणकात नवे वाद्य उघडले की त्याच्या पट्ट्या कोठे तरी उभ्या असतातच. 'जनरल मिडी'च्या शिफारशीप्रमाणे सातव्या क्रमांकाचे म्हणजे ध्वनिप्रमाणाचे मूल्य १०० असते आणि अकराव्याचे म्हणजे अभिव्यक्तीचे १२७. कोणी तरी कोठून तरी आरंभ केला पाहिजे, म्हणून हे आकडे ठरविले गेले. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना प्रमाण मानणे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी गृहीतकांची जुनी उतरंड त्यात कायम आहे. काही गोष्टी न्यायालय गृहीत धरू शकते. काही विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरावीच लागतात. आणि काही निर्णायक, त्यांच्याविरुद्ध पुरावाच चालत नाही. कारखान्याची मूळ मांडणी हे पहिल्या, फार तर दुसऱ्या प्रतीचे गृहीतक आहे. आमचे मुद्रणकार तिला तिसऱ्या प्रतीत बसवितात आणि गायकाचा समोर उभा असलेला जिवंत गळा हा पुरावा दाखलच करून घेत नाहीत!

बरे, जे पट्टी जोडतात तेही बहुधा चुकीच्या क्रमांकाला जोडतात. सात आणि अकरा यांत फरक आहे. सातने वाद्याची हद्द आखायची, अकराने त्या हद्दीच्या आत वावरायचे. अकराचे मूल्य हे सातने ठरविलेल्या प्रमाणाचा अंश म्हणून धरले जाते. जो मुद्रणकार सुराचा चढउतार सातवर करतो, त्याला पुढे सबंध वाद्य थोडे हळू करायचे झाले की केलेला सारा चढउतार मोडावा लागतो. मग तो कंटाळून चढउतारच काढून टाकतो. अकरावर चढउतार आणि सातवर हद्द असे ठेवले असते, तर एक पट्टी हलवून काम झाले असते.

याहून महत्त्वाचा क्रमांक पहिला. व्हायोलिनवृंदाच्या आजच्या अनेक मोठ्या ध्वनिसंग्रहांत तेच सूर हळुवार, मध्यम आणि जोरकस असे निरनिराळे वाजवून मुद्रित केलेले असतात, आणि पहिल्या क्रमांकाची पट्टी सरकविली की एका मुद्रणातून दुसऱ्यात अलगद प्रवेश होतो. येथे केवळ मोठेपणा बदलत नाही, सुराचा पोत बदलतो. कानाशी सांगितलेली गोष्ट आणि दुरून ऐकू आलेली आरोळी या दोन्ही तितक्याच मंद असू शकतात. परंतु आईने मुलाच्या कानात म्हटलेली ओवी आणि पलीकडच्या वाडीवरून आलेली हाक यांत कोणी गल्लत करील काय? जोरकस मुद्रण केवळ आवाज उतरवून गाभाऱ्यातील शांततेखाली ठेवले की ती पलीकडच्या वाडीवरची हाकच राहते. श्रोत्याला कारण सांगता येत नाही. पण त्याच्या कानाला ती लबाडी कळते, आणि तो 'निर्जीव' हा शब्द वापरतो.

जोडणी तरी किती अवघड आहे? पडद्यावरची पट्टी एका सॉफ्टवेअरात आणि वाद्य दुसऱ्यात असेल, तर दोघांमध्ये एक आभासी वाट आखावी लागते. मॅकमध्ये त्यासाठी आयएसी ड्रायव्हर अंगभूतच आहे, तो केवळ चालू करायचा असतो. विंडोजवर लूपमिडी नावाचे छोटे साधन बरेच लोक वापरतात. रीपर या सॉफ्टवेअरात रीकंट्रोलमिडी नावाची पट्ट्यांची पाटी सोबतच मिळते. टचओएससीसारख्या साधनाने टॅब्लेटच्या काचेवर पट्ट्या मांडता येतात, आणि हे बरे, कारण माऊसने एका वेळी एकच पट्टी हलते, तर काचेवर दोन बोटांनी पहिला आणि अकरावा क्रमांक एकदम चालवता येतो. मग पट्टीला क्रमांक द्यायचा, सोळा वाहिन्यांपैकी योग्य वाहिनी द्यायची. 'मिडी लर्न' ही सोय असेल तर पट्टी हलविताच सॉफ्टवेअर तिला स्वतः ओळखते. एवढे झाले की पट्टी बोलू लागते.

ती नीट बोलावी यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात, आणि आळस नेमका येथे होतो. पहिली गोष्ट, पट्टी कोठे उभी आहे आणि वाद्याचे चालू मूल्य काय आहे यांचा मेळ. मूल्य ४० असताना ९० वर उभ्या असलेल्या पट्टीला बोट लागले, तर सूर एकदम उसळतो. यावर 'पिकअप' नावाची मांडणी आहे. पट्टी चालू मूल्याला ओलांडीपर्यंत ती काही करीत नाही. दुसरी गोष्ट, आरंभीचे मूल्य लिहून ठेवणे. ते लिहिले नाही, तर वाद्य मागच्या गाण्यातील शेवटचे मूल्य धरून बसते, आणि काल शांत असलेली बासरी आज किंचाळते. नोटीस बजावल्याशिवाय प्रतिवादी हजर राहत नाही, हे आम्ही वकील जाणतो. वाद्याचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. १२८ मूल्ये पुष्कळ वाटतात. पण ती सारखी वाटलेली नसतात. जनरल मिडीच्या शिफारशीतील सूत्राने हिशेब केला, तर पट्टी १२७ वरून १२६ वर आणल्यास फरक जेमतेम ०.१४ डेसिबलचा पडतो. २ वरून १ वर आणल्यास तो १२ डेसिबलचा पडतो. आणि १२७ च्या निम्मे म्हणजे ६४ हे निम्मे नसून जवळजवळ १२ डेसिबल खाली असते. म्हणून भजनाच्या शेवटी वृंद विरत नेताना ही पट्टी तळाशी जिना उतरल्यासारखी धडधडत जाते. उपाय सोपा आहे. तो अखेरचा उतार मिडीच्या पट्टीने करू नये. ध्वनी तयार झाल्यावर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या ध्वनिपट्टीने करावा, तिच्या पायऱ्या कितीतरी बारीक असतात. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये तर नियंत्रणाची मूल्ये ३२ बिटांची झाली आहेत. परंतु दोन्ही टोकांची साधने ती भाषा जाणत असतील तरच त्यांचा उपयोग, आणि आजही बहुतेक काम जुन्या १२८ पायऱ्यांवरच चालते.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला पक्ष शुद्धतावाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की देवाच्या दारी यंत्र नकोच. जेथे सनईवाला आहे तेथे सनईवालाच बसला पाहिजे, त्याची बिदागी वाचविण्यासाठी पट्टी सरकविणे हे पाप आहे, इथपर्यंत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पण जेथे माणूस मिळत नाही, तेथे केवळ साधन परके म्हणून हाकलून देण्याने काय साधते, याचा दाखला इतिहासात आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यावर मींड येत नाही, तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले आहेत, हे मुख्य आरोप होते आणि ते खोटे नव्हते. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या तीन दशकांत पेटी एकाही देवळातून हलली नाही. भजनीमंडळांनी ती सोडली नाही, कारण तिच्या भात्यावर माणसाचा हात होता. याच्या उलट वाट सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धरली होती. पेटीचे सूर आपल्या श्रुतींना जुळत नाहीत काय? मग पेटी टाकू नका, ती पुन्हा लावा, असे म्हणून त्यांनी श्रुति-हार्मोनियम घडवून घेतला. त्याचा प्रसार झाला नाही, त्यांच्या श्रुतींच्या मापांवर विद्वानांत वादही माजले. पण साधनाला शिव्या देण्याऐवजी साधनाची मांडणी आपल्या हाती घेणे ही त्यांची वृत्ती मला बंदीपेक्षा अधिक स्वाभिमानी वाटते.

शिवाय मींडेचा आरोप येथे टिकतही नाही. मिडीत 'पिच बेंड' नावाची निराळी आज्ञा आहे. तिला १२८ नव्हे, १६,३८४ पायऱ्या असतात. तिची मूळ मर्यादा सामान्यतः वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढी असते, म्हणजे एका अर्धस्वराला ४,०९६ पायऱ्या पडल्या. सावकाश मींड घ्यायला एवढे पुरे आहे. मात्र येथेही मांडणी आपली हवी. ही पट्टी मूळ मांडणीत बोट उचलताच मध्यावर उडी मारते, म्हणजे मींड संपण्याआधीच सूर घरी परततो. ती सोय बंद करता येत असेल तेथे करावी. आणि ही आज्ञा सबंध वाहिनीला लागू होत असल्याने आधारसुराला स्वतंत्र वाहिनी द्यावी, नाहीतर बासरीबरोबर तंबोराही घसरेल.

दुसरा पक्ष मुद्रणकारांचा. "एवढे बारीक कोणाला कळते?" हा त्यांचा लाडका प्रश्न. श्रोत्याला कळत नसते, तर लेखाच्या आरंभी सांगितलेली तक्रार जन्मालाच आली नसती. कारण न कळणे आणि परिणाम न जाणवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोग्याला रोगाचे नाव ठाऊक नसते, म्हणून त्याला दुखत नाही असे कोणता वैद्य म्हणेल? त्यांचा दुसरा युक्तिवाद वेळेचा. पाच मिनिटांच्या भजनात व्हायोलिनवृंदाची पट्टी एकदा गायकाचा आवाज ऐकत चालवायला पाचच मिनिटे लागतात. बासरीला आणखी पाच. काही जण माऊसने सरळ रेघा ओढून हे काम उरकतात. कृपा करून रेघा ओढू नका. भाता रेघेने चालत नाही. गायक जेथे श्वास घेतो तेथे बोटालाही उसंत मिळाली पाहिजे, आणि ते ऐकत चालविल्याशिवाय होत नाही.

हे सारे देवस्थानच्या लोकांना सांगण्याचे कारण असे की, गोव्यात घुमट, शमेळ आणि कांसाळ्याच्या साथीने आरती चढत जाताना ज्याने प्रत्यक्ष ऐकली आहे, त्याला वाद्ये हळू सुरू होऊन कशी भरत जातात हे शिकवावे लागत नाही. पण इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांतील पुष्कळ मुलांना ही परंपरा आता मुद्रणातूनच भेटते. त्यांचा कान त्या मुद्रणावर घडतो. एकाच मापाचे वृंद ऐकून वाढलेल्या मुलाला पुढे खरी आरती ऐकली तर तीच विचित्र वाटेल. देवळाच्या नावाने निघालेले मुद्रण पिढ्यान् पिढ्या वाजते. त्यावर कारखान्याने ठरविलेले आकडे राहावेत, हे महाजनांना मान्य आहे काय?

मान्य नसेल, तर करारात तीन कलमे घाला. एक, प्रत्येक सलग सुराच्या वाद्याचा चढउतार गायकाचा आवाज ऐकत, हाताने पट्टी चालवून मुद्रित केला जाईल. दोन, अंतिम मिश्रणापूर्वी ते मंडळाच्या पेटीवाल्याला ऐकविले जाईल आणि त्याची दुरुस्ती विनामूल्य केली जाईल. डावा हात कोठे थांबला हे त्याच्याइतके कोणाला कळणार? तीन, केवळ तयार गाणे नव्हे, तर सर्व पट्ट्यांच्या आकड्यांसह मूळ प्रकल्प देवस्थानच्या स्वाधीन केला जाईल, म्हणजे दहा वर्षांनी अधिक चांगले वाद्य किंवा अधिक चांगला वादक मिळाला तर काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही. यांतील एकही कलम महागडे नाही. जो मुद्रणकार त्यांवर सही करायला कचरेल, त्याला काम देऊ नये. जो आनंदाने सही करील, त्याच्याकडे संगणक असो वा पेटी, देवळाचे भजन निर्धास्तपणे सोपवावे.